हसण्याचा गुन्हा : नाझी राजवटीतील काळा विनोद आणि त्याची किंमत

मृत्यू, छळ, अटक, उपासमार अशा ज्या गोष्टींपुढे माणसाची बोबडी वळावी, त्याच गोष्टींवर केलेल्या विनोदाला काळा विनोद म्हणतात. हा विनोद क्रूर असतो, असा पुष्कळांचा पहिला ग्रह होतो; आणि सुरक्षित जागी बसून दुसऱ्याच्या दुःखावर केला तर तो क्रूर असतोही. परंतु ज्याच्यावर संकट कोसळले आहे त्यानेच तो केला, की त्याचे स्वरूप पार पालटते. हा फरक समजून घ्यायचा असेल तर १९३३ ते १९४५ या बारा वर्षांतील जर्मनीकडे पाहावे, असे मला वाटते. विनोद प्रत्येकच हुकूमशाहीत सांगितले जातात, पण बहुधा ते सांगणाऱ्यांबरोबरच विरून जातात. जर्मनीत मात्र कोणी, कोणापुढे, कोणता विनोद सांगितला आणि त्याबद्दल त्याला काय शिक्षा झाली, याचे सरकारी कागद मागे उरले.

हिटलर ३० जानेवारी १९३३ रोजी चॅन्सेलर झाला. दोन महिनेही उलटले नव्हते तोच, २१ मार्चला, सरकारविरुद्ध द्वेषमूलक विधाने करणाऱ्यांना शिक्षा देणारा वटहुकूम निघाला आणि असे खटले झटपट निकालात काढण्यासाठी विशेष न्यायालयेही उभी राहिली. २० डिसेंबर १९३४ रोजी या वटहुकमाची जागा कायद्याने घेतली. राज्यातील किंवा नाझी पक्षातील प्रमुख व्यक्तींबद्दल चिथावणीखोर किंवा हीन वृत्तीचे बोलणे हा त्यात गुन्हा होता. खरी ग्यानबाची मेख पुढेच होती. बोलणे खाजगीत झालेले असले, तरी ते बाहेर पसरेल हे बोलणाऱ्याने गृहीत धरायला हवे होते असे दिसल्यास, ते जाहीर बोलण्यासारखेच मानावे, अशी तरतूद त्यात होती. विनोद तर मुळात पुढे सांगितला जावा म्हणूनच सांगितला जातो. त्यामुळे जेवणाच्या टेबलावर किंवा ओसरीवर बसून केलेला प्रत्येक विनोद या तरतुदीच्या कचाट्यात सापडू शकत होता.

तरीही, विनोद सांगितला आणि फासावर गेला, असे त्या राजवटीच्या पहिल्या वर्षांत सहसा घडत नसे. युद्धापूर्वीची बरीच प्रकरणे ताकीद देऊन किंवा काही महिन्यांच्या तुरुंगवासावर मिटत, आणि दारूच्या नशेत तोंडून गेले, हा बचाव न्यायाधीश ऐकूनही घेत. न्यायालयाचे लक्ष विनोदाच्या शब्दांपेक्षा सांगणाऱ्याच्या वृत्तीकडे अधिक असे. पक्षाच्या जुन्या कार्यकर्त्याने हिटलरचा निकटचा सहकारी गोअरिंग याच्या पदकांवर केलेली कोटी गमतीत गेली असती. तीच कोटी कम्युनिस्ट, ज्यू किंवा कॅथलिक धर्मगुरूच्या तोंडी आली, तर ती राजद्रोहाची खूण ठरे. शब्द तेच, गुन्हा वेगळा. ज्या कायद्यात गुन्हा कृतीवरून न ठरता माणसावरून ठरतो, तो कायदा मुळात दहशतीचे साधन असतो, आणि नाझींना तो तसाच हवा होता.

पकडले न जाता बोलण्याची कला अशा वातावरणात कशी घडते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे बर्लिनमधील विनोदी रंगकर्मी वेर्नर फिंक. १९२९ मध्ये सुरू झालेल्या 'काटाकोंबे' या छोट्या कॅबरेचे, म्हणजे गाणी आणि विनोदी प्रवेश सादर करणाऱ्या रंगमंचाचे, ते प्रमुख होते. त्यांची लकब अशी, की ते वाक्य सुरू करीत, अडखळत आणि नेमक्या जागी ते अर्धवट सोडून देत. उरलेले वाक्य प्रेक्षक आपल्या मनात पुरे करीत आणि सभागृह हसून उठे. प्रेक्षकांत गेस्टापोचे, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांचे, हेरही बसलेले असत. त्यातला एक जण घाईघाईने टिपणे घेताना दिसला, तेव्हा फिंक यांनी रंगमंचावरूनच त्याची चौकशी केल्याचे सांगतात : मी फार भरभर बोलतोय का? तुम्ही माझ्याबरोबर येताय ना, की मलाच तुमच्याबरोबर यावं लागेल? या एका प्रश्नाने सभागृहातील प्रत्येकाच्या मनातली भीती उघड्यावर आणली. सगळ्यांना ठाऊक असलेली आणि म्हणूनच कोणी न उच्चारलेली गोष्ट त्यांनी उच्चारली, तीही अशी, की टिपून घेणाऱ्याच्या हाती आक्षेपार्ह असा एकही शब्द लागू नये.

१० मे १९३५ रोजी प्रचारमंत्री गोबेल्सच्या आदेशाने काटाकोंबे बंद झाले आणि फिंक यांची रवानगी एस्टरवेगेन येथील छळछावणीत झाली. तेथेही त्यांनी सहकैद्यांपुढे कार्यक्रम केला. त्यात ते जे बोलले त्याचा आशय असा होता : आम्ही इतके आनंदात कसे, याचे तुम्हाला नवल वाटत असेल, बर्लिनमध्ये कार्यक्रम करताना आम्हाला असे मोकळे कधी वाटलेच नाही, कारण आपल्याला छळछावणीत टाकतील ही धास्ती सतत पाठीशी असायची, आता ती धास्ती उरली नाही, कारण आम्ही छावणीतच आहोत.

या वाक्यांपाशी थोडे थांबायला हवे. यात सरकारला शिवी नाही, धीराचा उपदेश नाही आणि सुटकेचे आश्वासनही नाही. परिस्थितीत काडीचाही बदल झालेला नाही. तरीही धमकी देणाऱ्याच्या हातचे एक हत्यार कमी झाले आहे, कारण धमकीची ताकद ती अमलात येईपर्यंतच टिकते, हे ऐकणाऱ्यांना लख्ख दिसले. राजवटीने ज्या गोष्टीची भीती घातली होती, त्याच गोष्टीचा फिंक यांनी निर्भयतेच्या बाजूने पुरावा म्हणून वापर केला. काळ्या विनोदाचे काम कसे चालते, हे मला याहून स्पष्टपणे कोठेच दिसलेले नाही. पुढे अभिनेत्री केटे डोर्श यांनी गोअरिंगकडे रदबदली केल्यामुळे सुमारे सहा आठवड्यांनी फिंक सुटले. १९३६ मध्ये विशेष न्यायालयातूनही ते निर्दोष सुटले, कारण जे वाक्य त्यांनी पुरे केलेच नव्हते ते सिद्ध करणे सरकारी पक्षाला जमले नाही.

आरोप स्वतः न उच्चारता तो ऐकणाऱ्याकडून पुरा करून घेण्याची ही युक्ती आपल्याकडेही एकदा अगदी ठळकपणे दिसली होती. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी जाहीर झाली आणि वृत्तपत्रांवर पूर्वतपासणी लादली गेली. २८ जूनच्या 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या मुंबई आवृत्तीत, छोट्या जाहिरातींच्या स्तंभात, एक निधनवार्ता छापून आली : डी.ई.एम. ओ'क्रसी, टी. रूथ यांचे प्रिय पती, एल. आय. बर्टी यांचे वडील, फेथ, होप आणि जस्टिशिया यांचे बंधू, यांचे २६ जून रोजी निधन झाले. इंग्रजी नावे सलग वाचणाऱ्याला कळले, की लोकशाही वारली असून तिच्या मागे सत्य, स्वातंत्र्य, श्रद्धा, आशा आणि न्याय शोकाकुल आहेत. तपासनिसांची नजर बातम्यांवर आणि अग्रलेखांवर होती. निधनवार्ता वाचण्याचे त्यांना सुचले नसावे. मात्र हे उदाहरण देताना प्रमाण सुटता कामा नये. मुंबईत असा मजकूर देणाऱ्याला तुरुंगाची भीती होती; बर्लिनमध्ये, विशेषतः युद्ध सुरू झाल्यावर, प्रश्न प्राणांचा होता.

युद्धाबरोबर कायद्याची सारी चौकटच बदलली. सैन्याचे आणि जनतेचे लढण्याचे बळ खच्ची करणे, या गुन्ह्याला देहान्ताची शिक्षा सांगणारा युद्धकालीन हुकूम १९३९ मध्ये लागू झाला, आणि युद्धाचे पारडे फिरल्यावर विनोदही याच कलमाखाली येऊ लागले. अशी प्रकरणे बर्लिनच्या 'जनता न्यायालया'पुढे जात. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या या न्यायालयाचे अध्यक्षपद ऑगस्ट १९४२ पासून रोलांड फ्राइस्लर या कडव्या नाझीकडे होते. आरोपीवर भर न्यायालयात खेकसणारा, त्याला बोलूही न देणारा असा हा न्यायाधीश होता. त्या न्यायालयाने आपल्या कारकिर्दीत पाच हजारांहून अधिक जणांना मृत्युदंड ठोठावला.

बर्लिनच्या एका शस्त्रास्त्र कारखान्यात काम करणाऱ्या एका तरुण स्त्रीने आपल्या सहकाऱ्याला पुढील विनोद सांगितला. हिटलर आणि गोअरिंग बर्लिनच्या रेडिओ मनोऱ्यावर उभे असतात. हिटलर म्हणतो, बर्लिनकरांना आनंद होईल असे काहीतरी करावेसे वाटते. गोअरिंग म्हणतो, मग इथून उडी का मारत नाही? ही स्त्री युद्धात मारल्या गेलेल्या सैनिकाची विधवा होती. तिचे दुःख लक्षात घेऊन न्यायालय सौम्य होईल, असे कोणालाही वाटेल. फ्राइस्लरच्या न्यायालयाने नेमका उलटा अर्थ लावला : हुतात्मा सैनिकाच्या पत्नीने असे बोलावे, हे तिच्या अपराधाचे गांभीर्य वाढवणारे आहे. तिला देहान्ताची शिक्षा झाली.

हिल्डेसहाइम शहराजवळच्या ग्रोस ड्युंगेन या गावचे कॅथलिक धर्मगुरू योझेफ म्युलर यांचा विनोद अधिक खोल होता. मरणासन्न सैनिक नर्सला म्हणतो, ज्यांच्यासाठी मी प्राण देतोय, त्यांना एकदा पाहू द्या. नर्स हिटलर आणि गोअरिंग यांच्या तसबिरी आणून त्याच्या दोन बाजूंना ठेवते. सैनिक म्हणतो, आता मी येशू ख्रिस्तासारखा मरतो आहे, दोन गुन्हेगारांच्या मधोमध. ख्रिस्ताला दोन चोरांच्या मध्ये क्रूसावर चढवले होते, ही कथा प्रत्येक ख्रिस्ती श्रोत्याला पाठ असते, त्यामुळे वेगळे स्पष्टीकरण लागत नव्हते. गावातल्याच एका घरात सांगितलेला हा विनोद गेस्टापोपर्यंत पोहोचला. २८ जुलै १९४४ रोजी शिक्षा सुनावली गेली आणि ११ सप्टेंबर १९४४ रोजी ब्रांडेनबुर्गच्या तुरुंगात म्युलर यांचा शिरच्छेद झाला.

चित्रकार एरिक ओझर आणि लेखक एरिक क्नाउफ या दोन मित्रांची हकीकत मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते. ओझर यांनी 'ए. ओ. प्लाउएन' या टोपणनावाने काढलेली बाप आणि मुलाची चित्रमालिका जर्मनीत घराघरांत लोकप्रिय होती, तर क्नाउफ यांनी लिहिलेले एक गाणे युद्धकाळात सैनिकांच्या ओठी होते. दोघेही नाझींचे जुने विरोधक होते, आणि पोटासाठी त्या राजवटीच्या चौकटीत राहून काम करत होते. बॉम्बहल्ल्यांत बेघर झाल्यावर ते बर्लिनच्या काउल्सडॉर्फ भागात एकाच घरात राहू लागले. ओझर यांना कमी ऐकू येत असे, त्यामुळे दोघांचे बोलणे मोठ्याने चाले, आणि ज्या गोष्टी इतर जर्मन लोक कुजबुजत त्या येथे भिंतीपलीकडे जात. त्याच घरात राहणारा एक लष्करी अधिकारी हिटलर, गोबेल्स आणि एसएस या नाझींच्या निमलष्करी दलाचा प्रमुख हिमलर यांच्यावरचे हे विनोद टिपून ठेवत होता. त्याच्या तक्रारीवरून मार्च १९४४ च्या अखेरीस दोघांना अटक झाली. खटल्याच्या आदल्या रात्री ओझर यांनी कोठडीत गळफास घेतला. क्नाउफ यांना २ मे १९४४ रोजी ठार करण्यात आले, आणि त्यानंतर त्यांच्या पत्नीच्या हाती खटल्याचा व शिरच्छेदाचा खर्च म्हणून ५८५ मार्क ७४ फेनिगांचे बिल ठेवण्यात आले.

या तिन्ही प्रकरणांत सांगणाऱ्याला पकडून देणारा कोणीतरी ओळखीचाच होता, ही बाब नजरेआड करता येणार नाही. गेस्टापोकडे प्रत्येक भिंतीला लावायला कान नव्हते. तक्रारी शेजाऱ्यांकडून, सहकाऱ्यांकडून, कधी नातलगांकडूनही येत. त्यामुळे असा विनोद सांगणे म्हणजे ऐकणाऱ्याच्या हाती आपला गळा देणे होते, आणि ऐकून हसणे म्हणजे मी तुला धरून देणार नाही, असे वचन देणे. स्टालिनच्या काळातील रशियातही हेच होते. तेथे दंडसंहितेच्या ५८ व्या कलमाखाली विनोद हा सोव्हिएतविरोधी प्रचार ठरे. १९३१ ते १९३३ या काळात कैद्यांकडून खोदून घेतलेल्या श्वेतसमुद्र कालव्याबद्दल लोक विचारत : हा कालवा कोणी खोदला? उजवा काठ विनोद सांगणाऱ्यांनी आणि डावा काठ ऐकणाऱ्यांनी. हुकूमशाहीला माणसे एकटी पाडायची असतात, प्रत्येकाला दुसऱ्याचा संशय यावा असे तिला वाटते. असा विनोद दोघांमध्ये क्षणभर का होईना, विश्वासाचा व्यवहार घडवतो. माझ्या मते राजवटीचा अपमान ही या विनोदातली दुय्यम बाब आहे. तिला खरा धोका या विश्वासाचा होता.

जेथे शिक्षा आधीच झालेली होती, तेथे तर विनोदाचे प्रयोजनच निराळे होते. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याने १९२७ मध्ये लिहिलेल्या एका निबंधात सोमवारी फासाकडे नेल्या जाणाऱ्या गुन्हेगाराचे उदाहरण दिले आहे. तो म्हणतो, आठवड्याची सुरुवात तर छान झाली. फ्रॉइडच्या मते येथे मन वास्तवाकडून दुखावून घ्यायलाच नकार देते, आणि म्हणून असा विनोद शरणागतीचा नसून बंडाचा असतो. याची प्रत्यक्ष कसोटी व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल यांना छळछावणीत द्यावी लागली. बांधकामावर शेजारी राबणाऱ्या एका कैद्याशी त्यांनी ठरवले होते, की सुटकेनंतर घडू शकेल असा एक तरी विनोदी प्रसंग दररोज रचायचा. तो कैदी शल्यचिकित्सक होता. मोठा अधिकारी आला की मुकादम कामाला जोर चढवण्यासाठी ओरडत असे. तेव्हा फ्रँकल यांनी त्या सहकैद्याला सांगितले, की पुढे तू शस्त्रक्रिया करत असशील आणि वरिष्ठ सर्जन येताना दिसताच वॉर्डबॉय असाच ओरडत आत घुसेल. दुसरा प्रसंग मेजवानीचा. पातळ सुपातले वाटाण्याचे दाणे भांड्याच्या तळाशी असतात, हे छावणीत मुरलेला हा माणूस भान विसरून यजमानीणबाईंना विनवील, की जरा तळातून वाढा. हे प्रसंग वाचताना ध्यानात येते, की त्यांत सुटका गृहीत धरलेली आहे. सुटकेची कसलीही शक्यता दिसत नसताना भविष्यकाळी क्रियापद वापरता यावे, यासाठी तो विनोद होता.

चेकोस्लोव्हाकियातील तेरेझीन येथील छावणीत, जेथून कैद्यांना आउशवित्झच्या मृत्युछावणीत पाठवले जाई, तेथे कारेल श्वेंक या तरुण ज्यू रंगकर्मीने 'शेवटचा सायकलस्वार' हे नाटक रचले. त्याचे बीज एका जुन्या विनोदात आहे. एक जण म्हणतो, सगळ्या संकटांना ज्यू आणि सायकलस्वार जबाबदार आहेत. दुसरा विचारतो, सायकलस्वार का? पहिला म्हणतो, ज्यू का? नाटकात वेड्यांच्या इस्पितळातून सुटलेले रुग्ण देशाची सत्ता बळकावतात आणि सायकलस्वारांचा वंशच संपवायला निघतात. १९४४ मध्ये रंगीत तालीम झाल्यावर छावणीतील ज्यू ज्येष्ठ मंडळाने प्रयोगाला मनाई केली, कारण एसएसच्या सूडाची त्यांना भीती वाटली. ही मनाई भ्याडपणाची नव्हती, असे मला आवर्जून म्हणावेसे वाटते. पुढच्या गाडीत कोण चढणार, याच्या याद्यांशी ज्यांचा संबंध येत होता, त्यांना हसण्याची किंमत इतरांहून अधिक ठाऊक होती. श्वेंक युद्ध संपायला थोडे दिवस उरलेले असताना मरण पावला. संहिता नष्ट झाली, पण नाटकात काम केलेल्या आणि वाचलेल्या एका अभिनेत्रीने ती स्मरणातून पुन्हा उभी केली.

अशा विनोदांनी हिटलरची सत्ता हलली का, असा प्रश्न नेहमी विचारला जातो आणि त्याचे उत्तर नाही असेच आहे. उलट, काही इतिहासकारांच्या मते हे विनोद राजवटीच्या पथ्यावरच पडत, कारण चार शब्द कुजबुजून मन मोकळे झाले, की माणूस दुसऱ्या दिवशी निमूटपणे कामाला जाई. या म्हणण्यात तथ्य आहे. गोअरिंगचा लठ्ठपणा, त्याची पदके, त्याचे झगमगीत गणवेश यांवरचे असंख्य विनोद मुळात निरुपद्रवी होते. ते सांगणारे अनेक जण राजवटीचे विरोधक नव्हते, आणि ज्यू शेजाऱ्यांना नेले जात असताना त्यांनी बोटही उचलले नव्हते. त्यामुळे त्या काळी विनोद सांगणारा प्रत्येक जर्मन हा प्रतिकारक होता, हे युद्धानंतर अनेकांना सोयीचे वाटलेले चित्र मी स्वीकारत नाही. पण वाफ दवडणाऱ्या या विनोदाच्याच पंगतीला म्युलर यांचा विनोद बसवणे हाही अन्याय आहे. गोअरिंगच्या पदकांवर हसणाऱ्याने काही पणाला लावलेले नव्हते. म्युलर यांनी मरणाऱ्या सैनिकाच्या तोंडून युद्धाचे सारे कारणच गुन्हा ठरवले, आणि तेही आपले शब्द कोठवर जाऊ शकतात हे कळण्याइतक्या उशिराच्या काळात.

फ्राइस्लर ३ फेब्रुवारी १९४५ रोजी बर्लिनवरील बॉम्बहल्ल्यात ठार झाला. सप्टेंबर १९४५ मध्ये दोस्त राष्ट्रांच्या नियंत्रण मंडळाने राजवटीविरुद्धच्या बोलण्याला गुन्हा ठरवणारा १९३४ चा तो कायदा रद्द केला, परंतु त्याखाली आणि युद्धकालीन हुकमाखाली दिले गेलेले निकाल त्यामुळे आपोआप पुसले गेले नाहीत. जनता न्यायालय हे न्यायालय नसून दहशतीचे हत्यार होते, असा ठराव पश्चिम जर्मनीच्या संसदेने जानेवारी १९८५ मध्ये केला. त्या न्यायालयातील एकाही न्यायाधीशाला तेथील कामाबद्दल पश्चिम जर्मनीत अखेरपर्यंत टिकणारी शिक्षा झाली नाही. आणि त्या न्यायालयाने दिलेले सर्व निकाल सरसकट रद्द ठरवणारा कायदा ऑगस्ट १९९८ मध्ये झाला. तोवर म्युलर आणि क्नाउफ यांना मरून ५४ वर्षे झाली होती.